श्रम, स्वाम्य आणि शॅम्पेनच्या विधवा

फ्रान्सच्या ईशान्य भागात, रँस आणि एपेर्ने या गावांच्या आसपास, शॅम्पेनचे मळे पसरले आहेत. तिथल्या नामांकित पेढ्यांच्या इतिहासात एक गोष्ट इतक्या वेळा आढळते की तिला योगायोग म्हणता येत नाही. क्लिको, पोमेरी, लोराँ-पेरिए आणि बोलँजे या पेढ्यांना जगभर नाव मिळवून देण्यात स्त्रियांचा मोठा वाटा होता आणि या चौघींच्या हाती कारभार आला तो नवरा वारल्यावर. ‘व्हव’ या फ्रेंच शब्दाचा अर्थ विधवा. तो बाटलीच्या चिठ्ठीवर ठसठशीत छापला जातो आणि ती बाटली लग्नात, बारशाला, विजयाच्या मेजवानीत फोडली जाते. ज्या समाजाने विधवेला हळदीकुंकवापासून आणि बोहल्यापासून दूर ठेवले, त्या समाजातल्या वाचकाला हे नवलाचे वाटेल. पण शॅम्पेनमध्ये विधवेचा मोठा मान होता म्हणून हे घडले नाही. ते घडले कायद्यात राहून गेलेल्या एका फटीमुळे. त्या फटीतून पाहिले की मालकी म्हणजे नेमके काय, हा जुना तात्त्विक प्रश्न फार स्पष्ट दिसतो.

घराण्याचा धंदा पिढ्यानपिढ्या चालतो तेव्हा तो कोणाचा असतो? ज्याचे नाव पाटीवर आहे त्याचा, ज्याने भांडवल घातले त्याचा, की ज्याचे हात त्यात झिजले त्याचा? धर्मशास्त्राने, कायद्याने आणि तत्त्वज्ञानाने या प्रश्नाची वेगवेगळी उत्तरे दिली. त्यांपैकी बहुतेक उत्तरांत घरातली बाई कुठेतरी गळून पडली, आणि ती नेमकी कोणत्या जागी गळाली हे पाहण्यासारखे आहे.

१८०४ च्या नेपोलियनच्या नागरी संहितेत पत्नीने पतीच्या आज्ञेत राहावे असे २१३ वे कलम सांगत होते. २१७ व्या कलमानुसार त्याच्या संमतीवाचून तिला काही देता, विकता, गहाण टाकता किंवा विकत घेता येत नसे. संहितेने व्यापार करणाऱ्या स्त्रीपुरता एक अपवाद ठेवला होता. ‘सार्वजनिक व्यापारी’ ठरलेली विवाहिता आपल्या धंद्यापुरते करार नवऱ्याला दरवेळी न विचारता करू शके. व्यापारी होण्यासाठी मात्र त्याची परवानगी लागेच. पण हा अपवाद देणाऱ्या २२० व्या कलमातच पुढे एक वाक्य आहे: बायको केवळ नवऱ्याच्या धंद्यातला माल विकत असेल तर ती व्यापारी समजली जाणार नाही, तिचा धंदा वेगळा असेल तरच ती व्यापारी.

या वाक्याचा परिणाम मोठा होता. नवऱ्याच्या पेढीत वह्या लिहिणारी, गिऱ्हाइकांची पत्रे हाताळणारी, पिंपातल्या वाइनची चव घेऊन कोणती कोणत्यात मिसळायची हे सांगणारी बाई कायद्याच्या लेखी काहीच करत नव्हती. तिचे काम जितके घरच्या धंद्याशी एकजीव, तितके ते अदृश्य. हीच बाई विधवा झाली की तिला करार करता येत, कर्ज काढता येई, कोर्टात उभे राहता येई. सज्ञान अविवाहित स्त्रीलाही हे अधिकार होते, पण तिच्या हाती भांडवल आणि चालू धंदा क्वचितच असे. विधवेपाशी दोन्ही असू शकत. पुनर्विवाह केला की पुन्हा सारे गेले. क्लिको, पोमेरी आणि बोलँजे या तिघींनी पुन्हा लग्न केले नाही, ही बाब केवळ पतिनिष्ठेच्या खात्यावर मांडणे बरोबर नाही.

बार्ब-निकोल पोंसार्दें हिचा जन्म १७७७ चा, रँसमधला. वडील कापडाचे मोठे कारखानदार, पुढे शहराचे महापौर. १७९८ मध्ये तिचे लग्न फ्रांस्वा क्लिकोशी झाले. सासरे फिलीप यांनी १७७२ मध्ये वाइनचा व्यापार सुरू केला होता. मूळ धंदा कापडाचा आणि सावकारीचा. ऑक्टोबर १८०५ मध्ये फ्रांस्वा तापाने वारला तेव्हा ती २७ वर्षांची होती आणि पदरात सहा वर्षांची मुलगी होती. सासऱ्यांनी धंदा बंद करायचे ठरवले. तिने तो चालवण्याची परवानगी आणि भांडवल मागितले. सासऱ्यांनी दिले, पण अलेक्सांद्र फुर्नो या अनुभवी वाइन व्यापाऱ्याबरोबर भागीदारीत काम करून शिकावे, या अटीवर. ती भागीदारी १८१० मध्ये संपली आणि त्याच वर्षी पेढीला तिचे नाव लागले: व्हव क्लिको-पोंसार्दें. नावात सासरही आहे, माहेरही आहे, आणि दोन्हींच्या आधी वैधव्य आहे.

पुढची चार वर्षे युद्धाची. समुद्रमार्ग बंद, गिऱ्हाईक तुटलेले, तळघरात माल साठलेला. १८१४ मध्ये नेपोलियन पडला तेव्हा तिने आपला फिरता विक्रेता लुई बोन याच्याबरोबर १०,५५० बाटल्या क्योनिग्सबर्गकडे रवाना केल्या. इतर पेढ्या परिस्थिती निवळण्याची वाट पाहत असताना तिचा माल रशियाच्या वाटेला लागला होता. चुकले असते तर पेढी बुडाली असती.

तिच्या नावाशी जोडलेली दुसरी गोष्ट तळघरातली आहे. शॅम्पेनमध्ये वाइन बाटलीतच दुसऱ्यांदा आंबवतात. यीस्ट साखर खाते, वायू सोडते, मग मरते आणि गाळ होऊन तळाला बसते. बुडबुडे हवेत, पण गाळ नको. वाइन एका बाटलीतून दुसरीत ओतावी तर वायू उडून जातो. १८१६ च्या सुमारास तिने आणि तिचा तळघर-प्रमुख अँत्वान द म्युलर याने भोके पाडलेल्या लाकडी फळीत बाटल्या मान खाली करून रोवायला सुरुवात केली. पहिली फळी म्हणजे तिच्या स्वयंपाकघरातले टेबल होते असे सांगतात. रोज प्रत्येक बाटलीला हलका झटका द्यायचा, थोडीशी वळवायची आणि दिवसागणिक उभी करत न्यायची. काही आठवड्यांत सगळा गाळ घरंगळत बुचापाशी येऊन बसतो. मग बूच काढले की आतल्या दाबाने गाळ बाहेर उडतो आणि मागे नितळ वाइन राहते. पुढे या कामात मुरलेला माणूस दिवसाला हजारो बाटल्या वळवू लागला. आज यंत्रे हेच करतात. मनगटाची ती हालचाल यंत्रात उतरवली आहे, इतकेच.

आता तात्त्विक प्रश्नाकडे यावे. सप्टेंबर १८०५ मधली बार्ब-निकोल आणि नोव्हेंबर १८०५ मधली बार्ब-निकोल या दोघींत बुद्धी, चव, हिशेबाची जाण किंवा धाडस यांचा काहीच फरक नव्हता. फरक पडला तो तिच्या कायदेशीर स्थितीत. स्त्रियांना मालकी नाकारताना सहसा क्षमतेचे कारण दिले जाते: त्यांना व्यवहार कळत नाही, त्यांना संरक्षण हवे. पण ज्या संहितेने विवाहितेला अक्षम ठरवले तिनेच विधवेला सक्षम मानले. नवऱ्याच्या मृत्यूने कोणाची बुद्धी वाढत नाही. तेव्हा क्षमता हे कारण कधीच नव्हते, हे संहितेच्या आतूनच सिद्ध होते. विवाहितेची अक्षमता नवऱ्याच्या अधिकारासाठी निर्माण केलेली होती. अधिकार गाजवणारा गेला की तिची गरजही सरली.

भारतीय परंपरेत हाच प्रश्न फार बारकाईने चर्चिला गेला आहे आणि इथे ती चर्चा उपयोगी पडते, कारण तिने दोन गोष्टी वेगळ्या केल्या ज्या आपण ‘मालकी’ या एका शब्दात कोंबतो. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात पत्नी, पुत्र आणि दास या तिघांना निर्धन म्हटले आहे. ते जे कमावतील ते ज्याचे ते आहेत त्याचे. शब्दशः घेतले तर चर्चा संपली. पण मेधातिथीसारख्या भाष्यकारांना ते मान्य नव्हते. पत्नीला स्वाम्यच नसेल तर स्त्रीधनाविषयीची सगळी वचने निरर्थक ठरतील. म्हणून त्यांनी अर्थ लावला की हे वचन स्वाम्य नाकारत नाही, ते स्वातंत्र्य नाकारते. वस्तू तिची आहे, पण ती मनाप्रमाणे देण्याघेण्याची मोकळीक तिला नाही.

याहून मूलभूत वाद पूर्वमीमांसेच्या सहाव्या अध्यायात आहे. यज्ञाचा अधिकार कोणाला, असा तिथला प्रश्न. विधी पुल्लिंगी शब्दात सांगितला आहे म्हणून अधिकार पुरुषालाच, हे ऐतिशायनाचे मत सूत्रकार जैमिनी आधी मांडतो आणि मग बादरायणाच्या मताने ते खोडतो: फळाची इच्छा स्त्रीलाही आहे, शब्द जातिवाचक आहे, त्यात ती येते. पुढचा आक्षेप धनाचा. यज्ञाला द्रव्य लागते आणि स्त्रीपाशी द्रव्य नसते, कारण तिची कमाई नवऱ्याची. त्यालाही उत्तर आहे. भाष्यकार शबरस्वामी त्या निर्धनत्वाच्या स्मृतिवचनाला थेट भिडतो आणि श्रुतीच्या विरोधात जाणारी स्मृती प्रमाण नाही, असे सांगतो. पती-पत्नीचे द्रव्य दोघांचे, सामाईक. एकाने दुसऱ्याला वगळून ते खर्चू नये. यज्ञशास्त्राच्या कोरड्या वाटणाऱ्या चर्चेत सहस्वामित्वाची ही कल्पना दडली आहे. पुढे अकराव्या-बाराव्या शतकाच्या सांध्यावर, चालुक्यांच्या कल्याणीत, विज्ञानेश्वराने मिताक्षरा या याज्ञवल्क्यस्मृतीवरच्या टीकेत स्त्रीधनाचा अर्थ कमालीचा रुंद केला. वारसाने, खरेदीने, वाटणीने जे स्त्रीला मिळेल ते सारे त्याने स्त्रीधन म्हटले. अपुत्र पुरुषाच्या वारसांत याज्ञवल्क्याने पत्नीचे नाव पहिले घातले होते. विज्ञानेश्वर ते ठामपणे उचलून धरतो. महामहोपाध्याय पां. वा. काणे यांनी धर्मशास्त्राच्या इतिहासात हा सगळा वाद सविस्तर मांडला आहे. प्रत्यक्ष व्यवहारात यातले किती उतरले हा वेगळा आणि दुःखाचा विषय आहे.

स्वाम्य आणि स्वातंत्र्य हा भेद हाती धरला की शॅम्पेनची विधवा नीट समजते. विवाहित फ्रेंच स्त्रीपाशीही स्वाम्य असू शके. हुंड्यात आलेली जमीन, माहेरचा वाटा तिच्या नावे असे. नव्हते ते स्वातंत्र्य. वैधव्याने ते मिळाले.

पण स्वाम्य मुळात येते कुठून? जॉन लॉकने १६८९ च्या शासनावरील दुसऱ्या प्रबंधात दिलेले उत्तर युरोपात फार गाजले. निसर्गातली वस्तू सगळ्यांची. माणूस तिच्यात आपले श्रम मिसळतो आणि ती त्याची होते. वेलीच्या शेतीला हे उत्तर जितके लागू पडते तितके क्वचितच कशाला पडत असेल. मात्र लॉक पुढे उदाहरण देतो तेव्हा, मालकाच्या नोकराने कापून काढलेल्या हिरवळीच्या ढेपा मालकाच्या होतात, असे सहज म्हणून जातो. म्हणजे श्रमाने मालकी येते, पण श्रम कोणाच्या तरी हुकमतीखाली झाले असतील तर ती मालकी हुकमत चालवणाऱ्याकडे जाते. मनूच्या वचनात आणि या वाक्यात दीड हजारांहून अधिक वर्षांचे अंतर आहे, तरी बिजागरी तीच. बायकोचे श्रम नोकराच्या रांगेत बसवले की लॉकचा सगळा सिद्धांत तिच्या अंगावरून निघून जातो.

हे श्रम कोणते, हे मळ्यात उभे राहून पाहिलेले बरे. शॅम्पेनची छाटणी ऐन हिवाळ्यात असते. पारंपरिक विभागणीत कात्री पुरुषाच्या हाती. त्याच्या मागून बाई येई, छाटलेल्या काड्या वेचून गोळा करी आणि जाळी. फेब्रुवारी-मार्चमध्ये डोळे फुगण्याआधी राखलेली काडी वाकवून तारेला बांधायची, हे काम पिढ्यानपिढ्या बायकांचे समजले गेले. काडी कोरड्या हवेत वाकवली तर कट्‌कन मोडते, म्हणून ओलसर दिवस पाहून बांधणी करतात. अंगठ्याने काडीवर दाब देत देत ती किती वाकेल याचा अंदाज घ्यायचा आणि मोडण्याच्या एक क्षण आधी थांबायचे. काडी मोडली तर त्या वेलीचे त्या वर्षीचे पीक गेले. उन्हाळ्यात खोडावरची वांझ फूट काढायची, फांद्या तारांत बसवायच्या. नाशिक-सांगलीकडे ओलांड्यावरची विरळणी करणाऱ्या बायकांना हे सांगावे लागणार नाही. मग सप्टेंबरात तोडणी, तीही हाताने, कारण शॅम्पेनमध्ये यंत्राने द्राक्षे तोडायला मनाई आहे. ४,००० किलो द्राक्षे दाबयंत्रात घालतात आणि त्यांतून २,५५० लिटरच रस घेतात.

अशा कामाला तत्त्वज्ञानाने फारशी किंमत दिली नाही. हॅना आरेंट हिने १९५८ च्या ‘द ह्यूमन कंडिशन’ मध्ये कष्ट आणि निर्मिती असा भेद केला. कष्ट म्हणजे जगण्यासाठी रोज करावे लागणारे, करताच वापरून संपणारे काम: स्वयंपाक, झाडलोट. निर्मिती म्हणजे टिकाऊ वस्तू घडवणे: टेबल, घर. पहिल्यातून मागे काही उरत नाही, दुसऱ्यातून माणसाचे जग उभे राहते. भेद उपयोगी आहे, पण द्राक्षवेल त्यात बसत नाही. बांधणी दर वर्षी नव्याने करावी लागते म्हणून ती कष्टासारखी दिसते. तरी चाळीस वर्षांच्या वेलीचे खोड पाहिले तर प्रत्येक हिवाळ्याच्या कापाची गाठ त्यावर आहे; वेल कोणत्या उंचीला फुटली, कोणत्या दिशेने वळली, हे सारे त्या वार्षिक हातांनी ठरवले आहे. दर वर्षी संपणारे काम वेलीत साठत गेले. पुढची पिढी ‘वाडवडिलांचा मळा’ म्हणते तेव्हा तिला वारशाने ही साठवणच मिळालेली असते. म्हणून वारशातल्या मळ्याची मालकी ठरवताना बायकांचे वार्षिक कष्ट बाजूला ठेवणे हे केवळ अन्यायाचे नाही, वस्तूचे चुकीचे वर्णन आहे.

याच विचाराला महाराष्ट्रात एकदा चळवळीचे रूप आले. नाशिक जिल्ह्यात चांदवडला १९८६ मध्ये शेतकरी महिलांचे अधिवेशन भरले. त्यानंतरच्या वर्षांत शरद जोशी यांच्या शेतकरी संघटनेने ‘लक्ष्मीमुक्ती’चा कार्यक्रम घेतला: नवऱ्याने जिवंतपणी, स्वखुशीने जमिनीचा काही भाग बायकोच्या नावे करायचा. त्यामागची मांडणी दानाची नव्हती. शेतकरी कर्जमुक्ती मागतो, पण त्याच्या डोक्यावर घरच्या लक्ष्मीचे कर्ज आहे आणि ते आधी फेडले पाहिजे, अशी ती होती. स्वामित्वासाठी विधवा होण्याची वाट पाहावी लागू नये, हे त्यात गृहीत होते.

नावाचा प्रश्न राहतो. हेगेलचे हक्कांवरचे तत्त्वज्ञान १८२० मध्ये प्रसिद्ध झाले, म्हणजे व्हव क्लिकोची बाटली रशियाच्या बाजारात रुळली होती त्या काळात. हेगेलच्या मते मालमत्ता म्हणजे वस्तूत उतरलेली माणसाची इच्छाशक्ती. ती दुसऱ्यांनी ओळखावी लागते. कुटुंबाची मालमत्ता सामाईक, हे तो मान्य करतो. पण बाहेरच्या जगासमोर कुटुंबाचे प्रतिनिधित्व कुटुंबप्रमुख पती करतो आणि कमावणे, सांभाळणे, वाटणे हे त्याचे काम. इथे सामाईकपणा आत राहतो आणि ओळख बाहेर जाते. आतून सगळे दोघांचे, बाहेरून सगळे एकाचे. जे बाहेर ओळखले जात नाही ते हेगेलच्याच कसोटीने पुरते मालकीचे नाही. तरीही पत्नीबाबत ही अडचण त्याला जाणवलेली दिसत नाही. घराण्याच्या धंद्यात बायकांचे स्थान हुबेहूब असेच राहिले आहे. चव त्या ठरवत, चिठ्ठीवर नाव ‘आणि पुत्र’ असे येई.

बायबलमध्ये द्राक्षमळ्याच्या मालकीची दोन वेगळी चित्रे आहेत. राजांच्या पहिल्या पुस्तकात नाबोथ आपला मळा अहाब राजाला विकायला नकार देतो, कारण तो वाडवडिलांचा वारसा आहे. त्या नकारापायी तो मारला जातो. हा मळा बापाकडून मुलाकडे जाणारा, पवित्र आणि अविक्रेय. नीतिसूत्रांच्या शेवटच्या अध्यायात सद्गुणी स्त्रीचे वर्णन येते. ती शेत पारखून विकत घेते आणि स्वतःच्या कमाईतून तिथे मळा लावते. ज्यू घरांत शुक्रवारी संध्याकाळी, वाइनचा पेला उचलण्याआधी, हे वर्णन आजही गायले जाते. इथे मळा वारशाने आलेला नाही, तो तिच्या निर्णयाने आणि हातांनी उभा राहिला आहे. दोन गोष्टी मात्र लक्षात घ्याव्यात. नाबोथला नाव आहे, या स्त्रीला नाही. आणि वेशीवर पंचांमध्ये मानाने बसतो तो तिचा नवरा. तरी त्या अध्यायाचा शेवट तिच्या कामांची थोरवी त्याच वेशीवर गायली जावी, अशा मागणीने होतो. म्हणजे श्रम आणि सार्वजनिक ओळख यांच्यातली फट त्या प्राचीन रचनाकाराला दिसली होती.

मग ज्या विधवांना स्वातंत्र्य मिळाले त्यांनी ते पुढच्या पिढीतल्या मुलींना दिले का? इथे चित्र गुंतागुंतीचे आहे आणि ते तसेच मांडले पाहिजे. बार्ब-निकोलने आपली एकुलती एक मुलगी क्लेमांतीन हिला धंद्यात घेतले नाही. १८१७ मध्ये तिचे लग्न उधळ्या स्वभावाच्या काउंट शव्हिन्येशी लावून दिले. पेढी १८२१ मध्ये नोकरीला लागलेल्या आणि पुढे भागीदार झालेल्या एदुआर वेर्लेकडे सोपवली. १८६६ मध्ये ती बुर्सोच्या वाड्यात वारली तेव्हा वाडा आणि दौलत घराण्याकडे राहिली, धंदा बाहेरच्या माणसाकडे. विवाहित मुलीच्या नावे धंदा करणे म्हणजे, विवाहकरारात वेगळी तजवीज नसेल तर, तो जावयाच्या हाती देणे. ज्या संहितेने आईला वाट दिली तिनेच मुलीची वाट अडवली होती.

लोराँ-पेरिएची साखळी वेगळी आहे. मातील्द-एमिली पेरिए हिने १८८७ मध्ये नवरा वारल्यावर त्याच्या आडनावापुढे स्वतःचे आडनाव जोडले. पेढी आजही त्या जोडनावाने ओळखली जाते. १९२५ मध्ये तिच्या मागे मुलगी युजेनी-ओर्तांस आली. तिने १९३९ मध्ये पेढी विकली ती मारी-लुईज लाँसों द नोनांकूर या स्त्रीलाच. महायुद्धानंतर मारी-लुईजचा मुलगा बेर्नार याने ती वाढवली आणि त्याच्यानंतर त्याच्या दोन मुलींनी सूत्रे घेतली. लिली बोलँजेला मूलबाळ नव्हते. १९४१ ते १९७१ अशी तीस वर्षे, पेट्रोल मिळेना तेव्हापासून सायकलवर मळे पालथे घालत, तिने कारभार केला आणि मग तो भाच्यांकडे दिला.

लुईज पोमेरीच्या कथेत प्रश्नाची दुसरी बाजू उघडी पडते. १८५८ मध्ये नवरा वारला तेव्हा तिची मुलगी अगदी लहान होती. तिने लोकरीचा धंदा सोडला, लाल वाइन सोडली आणि सगळे भांडवल फसफसत्या वाइनमध्ये घातले. रँसखालच्या रोमनकालीन खडूच्या खाणी विकत घेऊन १८६८ पासून त्यांची तळघरे केली. ती भुयारे १८ किलोमीटर लांब आहेत. गोड शॅम्पेनची चलती असताना १८७४ मध्ये तिने कोरडी, जवळजवळ बिनसाखरेची वाइन इंग्रजांसाठी काढली आणि ती चव पुढे सगळ्या प्रांताची झाली. आयुष्याच्या अखेरीस, १८८९ मध्ये, तिने ज्यां-फ्रांस्वा मिए याचे ‘सरवा वेचणाऱ्या’ हे १८५७ चे चित्र तीन लाख फ्रँकला घेतले. पुढच्या वर्षी ती वारली आणि चित्र लूव्र संग्रहालयाकडे गेले. आता ते ओर्से संग्रहालयात आहे. चित्रात तीन शेतकरी बायका कापणी झालेल्या शेतात वाकून उरलेली कणसे वेचत आहेत. मागे दूरवर गंजी, गाड्या आणि घोड्यावरचा मुकादम. चेहरे जवळजवळ दिसत नाहीत. दिसतात ते पाठीचे बाक आणि जाड बोटे. सरवा वेचण्याचा हक्क प्राचीन आहे. लेवीय ग्रंथात मळेवाल्याला सांगितले आहे की वेल पुरती ओरबाडू नये, पडलेली द्राक्षे गरिबांसाठी आणि परक्यांसाठी ठेवावीत. रूथ ही विधवा अशाच सरव्यावर सासूला जगवते.

मालक झालेल्या विधवेने मालकी नसलेल्या बायकांचे चित्र विकत घेऊन राष्ट्राला दिले. यात कणव होती असे मानायला जागा आहे. पोमेरीने आपल्या कामगारांच्या आजारपणाची आणि म्हातारपणाची तरतूद केल्याचे सांगितले जाते. तरी लॉकचे ते वाक्य आता उलट्या बाजूने लागू होते. पोमेरीच्या तळघरात बाटल्या धुणाऱ्या, चिठ्ठ्या चिकटवणाऱ्या, मळ्यात काडी बांधणाऱ्या बायकांचे श्रम आता एका बाईच्या मालकीत जमा होत होते. विधवेला मिळालेले स्वातंत्र्य भांडवल असलेल्या घरातले होते. मळेवाल्या छोट्या शेतकऱ्याच्या बायकोला ना पेढी मिळाली ना चिठ्ठीवर नाव. द्राक्षांच्या भावावरून आणि बाहेरून आणलेल्या द्राक्षांवरून १९११ मध्ये शॅम्पेनच्या शेतकऱ्यांनी उठाव केला, आय गावातल्या पेढ्या जाळल्या. १९१४ मध्ये पुरुष आघाडीवर गेले तेव्हा तोफांच्या आवाजात तोडणी केली ती बायकांनी, म्हाताऱ्यांनी आणि मुलांनी. त्या वर्षाची वाइन उत्तम निघाली. मतदानाचा हक्क मात्र त्या बायकांना १९४४ मध्ये मिळाला.

कायद्यातली फट बुजायला फार वेळ लागला. विवाहितेची सर्वसाधारण अक्षमता १९३८ मध्ये रद्द झाली, पण नवऱ्याला तिच्या नोकरीला हरकत घेता येईच. त्याच्या संमतीवाचून नोकरी करण्याचा आणि बँकेत खाते उघडण्याचा हक्क १९६५ च्या कायद्याने दिला. सामाईक मालमत्तेच्या कारभारात पती-पत्नी बरोबरीचे झाले ते १९८५ मध्ये. त्याच वर्षी शेतीसाठी नव्या प्रकारची कंपनी निघाली, जिच्यात नवरा-बायकोला भागीदार म्हणून उभे राहता येते. तोवर मळ्यात जन्म काढलेल्या शेतकऱ्याच्या बायकोच्या कागदांवर व्यवसायाच्या रकान्यात ‘काही नाही’ असेच लिहिले जाई. १९९९ च्या शेतीविषयक कायद्याने तिला ‘सहकारी जोडीदार’ असा दर्जा आणि त्याबरोबर स्वतःच्या निवृत्तिवेतनाचा हक्क दिला, पण तो दर्जा घ्यायला शेतीच्या प्रमुखाची, म्हणजे बहुधा नवऱ्याची, संमती लागे. ती अट २००६ मध्ये निघाली. १ जानेवारी २०२२ पासून या दर्जालाही पाच वर्षांची मुदत घातली गेली: घरच्या धंद्यात पाच वर्षे सहकारी म्हणून काम केल्यावर जोडीदाराने पगारी नोकर व्हायचे की स्वतः प्रमुख व्हायचे हे ठरवायचे. नुसते मदतनीस म्हणून त्यापुढे राहता येत नाही.